करुणामावशीच्या टेबलावरचे भाऊबंद

मावशी,

तुझ्याबद्दल सगळे फार छान बोलले. मला मळमळलं.

‘नाटक्या, सुरुवातच ओकारीनं?’ असं तू म्हणशील. हो. तुझ्यावर गुळचट लिहिलं तर तू वरून काहीतरी फेकून मारशील, ही भीती अजून गेलेली नाही. तू कुठे जन्मलीस, कुठे शिकलीस, न्यू जर्सीच्या प्रयोगशाळेत किती वर्षं रसायनं ढवळलीस, हे दफनविधीच्या पत्रकावर छापलं आहे. वर तुझा फोटो आहे. त्यात तू इतकी गोड हसली आहेस की मी क्षणभर शेजारच्याला विचारणार होतो, या कोण बाई?

‘सिस्टर करुणा म्हणजे साक्षात प्रेम.’ ‘सिस्टर करुणांनी आम्हा सगळ्यांना एका कुटुंबात बांधलं.’ एकामागून एक ब्रदर उठत होते, एकामागून एक सिस्टर डोळे टिपत होत्या आणि मी पुढच्या रांगेत दात आवळून बसलो होतो. यातली निम्मी माणसं तुझ्या तळघरात जेवायला उभी राहिली की आधी आडनाव वाचायची आणि मग भाजी वाढून घ्यायची. हे तुला माहीत आहे. वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून जरा सांगू दे. नावं बदलतो, तुझं सोडून.

वेस्ट विंडसरचं तुझं घर, महिन्याचा दुसरा शनिवार. आसपासच्या आणि दोन-दोन तास लांबच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थनासभा. जिन्याखाली बुटांचा डोंगर, कोपऱ्यात एक तबला आणि एक गिटार, दोघांचं एकमेकांशी कधीच न पटणारं. उपासना संपली की प्रीतिभोजन. म्हणजे ज्यानं त्यानं घरून काहीतरी करून आणायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं.

पहिल्या दिवशी मी तुला काकू म्हणालो.

“काकू नको,” तू म्हणालीस. “काकूला अहो-जाहो करावं लागतं. मग तू माझ्याशी भांडणार कसा? मावशी म्हण.”

भांडायची तयारी करून नातं जोडणारी माणसं मला तोवर भेटली नव्हती. मी खूष झालो. आणि भांडलोही, मनसोक्त.

माझं म्हणणं साधं होतं. आपण मराठी माणसं नात्यांच्या बाबतीत मुळातच उदार. रिक्षावाला दादा, भाजीवाली मावशी, वॉचमन काका. इथे तर पार्किंगमध्ये नुसती ओळख झालेला माणूसही पोरांचा काका होतो. मग ख्रिस्ती लोकांनी एकमेकांना भाऊ-बहीण म्हटलं, यात एवढं काय विशेष?

तू भाकरी तव्यावर टाकत म्हणालीस, “रिक्षावाल्या दादाची आई मेली तर तू खांदा द्यायला जातोस?”

“नाही.”

“मग तो दादा नाही. तो रिक्षावाला आहे.”

आणि मग तू सुरू व्हायचीस. ते पहिले ख्रिस्ती, मावशी, तू असे सांगायचीस की जणू ते तुझ्या मागच्या गल्लीत राहत होते. बेवारस मेलेल्यांना ते आपलं माणूस समजून पुरायचे. विधवा आणि पोरकी पोरं सगळे मिळून सांभाळायचे. गुलाम आणि धनी एका पंगतीला बसायचे. “आणि सकाळी?” मी विचारायचो. “सकाळी तो पुन्हा गुलामच,” तू म्हणायचीस. “मी कुठे म्हटलं ते देवदूत होते? तिथेही श्रीमंत लवकर येऊन सगळं खाऊन टाकायचे आणि दिवसभर राबून आलेल्यांना रिकामी भांडी दिसायची. घरून करून आणायचं हे पॉटलक तेव्हापासून बिघडलेलं आहे.”

तुझी सर्वांत आवडती गोष्ट मात्र भलतीच. हे लोक एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात आणि लग्नंही आपसांत करतात, त्यावरून बाहेरच्या रोमन लोकांनी काय काय कंड्या पिकवल्या होत्या, त्या तू भर जेवणात तपशीलवार सांगायचीस. आणि ते शांतीचं चुंबन! भाऊ-बहीण म्हणून सगळ्यांनी एकमेकांचा मुका घ्यायचा. मग कुणा जुन्या लेखकाला बजावावं लागलं, की बाबांनो, पहिला आवडला म्हणून दुसरा घ्यायचा नाही. हे सांगून तू इतकी हसायचीस की तुझा चष्मा वरणात पडायचा. समोर बसलेले सामुएलभाऊ खाली बघून पापड मोडत राहायचे.

सामुएलभाऊ आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी. पूल बांधणारे इंजिनियर, आता निवृत्त. प्रार्थना सुंदर करतात. आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला ते सांगतात की त्यांचे पणजोबा फार मोठ्या घरातून विश्वासात आले, म्हणजे ख्रिस्ती झाले होते. मोठ्या म्हणजे कुठल्या, हे विचारावं लागत नाही. ते आपणहून सांगतात.

जातींची नावं मी इथे लिहिणार नाही. तू तुझ्या घरात उच्चारूही दिली नाहीस. एवढंच म्हणतो, की आमच्यातल्या बहुतेकांच्या पणज्या-खापरपणज्यांनी येशूचा पदर धरला तो याच एका घाणीतून सुटायला. सुटलो. शिकलो. समुद्र ओलांडला, सिटिझन झालो. विमानतळावर त्यांनी आईनं दिलेलं लोणचं काढून घेतलं. ही घाण मात्र बॅगेतून व्यवस्थित पार झाली.

सुनंदा आली आणि हे उघडं पडलं. ती आणि तिचा नवरा जालन्याकडचे. ती घरी लहान मुलांचं डे-केअर चालवते. पहिल्याच शनिवारी तिनं भलंमोठं भांडं भरून मटणाचा रस्सा आणला. प्रथेप्रमाणे भांड्यावर पांढरी चिकटपट्टी लावली, पट्टीवर आडनाव. भांडी हरवू नयेत म्हणून सगळेच तसं करायचे. किती शहाणी, किती निरुपद्रवी पद्धत!

सभा संपली तेव्हा तिचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं. दुसऱ्या महिन्यातही. तिसऱ्या महिन्यात तू मला कोपरानं ढोसलंस.

“बघ. डोळे कुठे जातात ते बघ.”

मी पाहिलं. सिस्टर येत होत्या, ब्रदर येत होते, हातात प्लेट. नजर आधी पट्टीवर, मग पदार्थावर. सुनंदाच्या भांड्यापाशी सगळ्यांना एकदम काहीतरी आठवत होतं. कुणाला पाणी, कुणाला फोन, कुणाला मुलाचं जॅकेट. इतका शिस्तबद्ध विसरभोळेपणा मी नाटकाच्या तालमीतही पाहिलेला नाही. हे सगळं, मावशी, ‘एका भाकरीचे आपण सर्व भागीदार’ असं तोंडभरून म्हणून झाल्यावर दहा मिनिटांत. मला खरोखर ओकारी आली. मी तुझ्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

त्याच दिवशी निघताना सुनंदा तुला म्हणाली, “मावशी, मी प्रार्थनेला येत जाईन. जेवणाच्या आधी निघाले तर चालेल ना?”

तू “नाही चालणार,” म्हणालीस. इतक्या जोरात, की तिचा नवरा दचकला.

पुढच्या महिन्यात तुझ्या ओट्यावर एकसारखी स्टीलची पातेली मांडलेली. तू दारातच उभी. “डबे इकडे द्या. ओतायचं आणि रिकामा डबा लगेच गाडीत ठेवून यायचा. माझ्या टेबलाला पट्ट्यांचा गोंद लागतो.” कारण गोंदाचं! रसायनशास्त्राची बाई होतीस, कुणी वाद घातला नाही. टेबलावर पातेली गेली ती सगळी तुझी, सगळी सारखी, सगळी बिनआडनावाची.

आणि मग तो सोनेरी क्षण. सामुएलभाऊंनी रश्श्यात भाकरी बुडवली, डोळे मिटले.

“शीला,” ते बायकोला म्हणाले, “आज काय हात लागलाय तुझा! असा रस्सा दुसऱ्या कुणाला जमायचा नाही.”

“घ्या ना अजून,” शीलाताई म्हणाल्या.

त्यांनी घेतला. दोनदा. सुनंदा पाण्याचा जग हातात घेऊन पुतळ्यासारखी उभी. मी खुर्ची मागे सरकवली, घसा साफ केला. आयुष्यभर मी ज्या प्रवेशाची वाट पाहत होतो तो समोर होता. आणि तू टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारलीस. अजून वळ असेल.

त्यावरून आपलं जे भांडण झालं ते मिटलंच नाही.

मी म्हणालो, सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. तुझ्याच पहिल्या ख्रिस्ती लोकांचा दाखला दिला. एक मोठा शिष्य परजातीच्या बांधवांबरोबर मजेत जेवत होता. मग त्याच्या गावाकडची वजनदार मंडळी आली आणि हा पठ्ठ्या हळूच पानावरून उठला. दुसऱ्यानं त्याला तिथेच, सर्वांदेखत, तोंडावर झाडला. “म्हणजे झाडायची परंपरा आहे,” मी म्हणालो. “प्राचीन आहे. पवित्र आहे.”

“आहे,” तू म्हणालीस. “पण झाडल्यावर ते दोघं पुन्हा एका पानावर बसले का? ते कुणीही लिहून ठेवलेलं नाही. मी शोधलंय.”

“म्हणून त्याला खोटं खाऊ द्यायचं?”

“खाऊ दे. पोटात गेलेलं परत निघत नाही.”

“मावशी, हा भित्रेपणा आहे.”

“आणि तुझा तमाशा आहे. तुला सुनंदाची पडलेली नाही, टाळ्यांची पडली आहे.”

मी आठवडाभर तुझा फोन घेतला नाही. तू केलासही नाहीस. पुढच्या सभेला तू माझ्या हातात कांदे आणि सुरी दिलीस आणि म्हणालीस, “बारीक चीर. रडायला निमित्त मिळेल.”

तुझ्याशी बोलणं सोडणं मला कधी जमणारच नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा व्हिसाच्या भानगडीत मला भारतात जाता आलं नाही. फोनवर पाहिलं सगळं. लोकांनी फुलं पाठवली, फळांच्या टोपल्या पाठवल्या, ‘थॉट्स अँड प्रेअर्स’ पाठवले. तू आलीस. माझ्या किचनमध्ये घुसलीस, कपाटं उघडून शिव्या घातल्यास, कढी-भात केलास. “सांत्वन मला जमत नाही,” म्हणालीस. “ताट घे.” आणि समोर बसून तूही जेवलीस, कारण आमच्यात सुतकाच्या घरी नातेवाइकानं एकट्याला जेवू द्यायचं नसतं. मला तेव्हा कळलं, ती रिक्षावाल्याची गोष्ट काय होती.

शेवटी हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरचे दिवस काढायच्या त्या दवाखान्यात, तुझा आवाज पार बसला होता. सुनंदा आणि मी दोघंही होतो.

“माझ्या मातीनंतरचं जेवण सुनंदा करेल,” तू म्हणालीस. “रस्सा. आणि या वेळी सगळ्यांना कळू दे कुणी केलाय.”

म्हणजे, मावशी, तू माझी बाजू घेतलीस? शेवटच्या क्षणी? की हे काही वेगळंच होतं? मी विचारलं, तर तू डोळे मिटून घेतलेस. मला ते झोपेचं सोंग वाटलं.

सामुएलभाऊंना मी तुझी इच्छा सांगितली. ते गंभीर झाले. “ब्रदर, भावना समजते. पण लोक खूप येणार. हायजीनच्या दृष्टीनं पॅक केलेले डबे बरे.”

हायजीन! त्या शब्दाची मला अजून किळस येते. इतका धुतलेला, इतका पांढरा, सॅनिटायझरचा वास येणारा शब्द. आणि आत काय सडलेलं आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक. मी म्हणालो, “करुणामावशी हॉस्पिसमधून बोलली आहे.” ते म्हणाले, “आज वाद नको. सिस्टरांच्या आत्म्याला शांती मिळू दे.” तुला आणि शांती!

तुला मातीत ठेवून आम्ही चर्चच्या हॉलमध्ये आलो. भिंतीपाशी डब्यांच्या चळती. पुलाव, पनीर, एक गुलाबजाम. प्रत्येकाला आपलं झाकण, आपला काटा, आपला चमचा. कुणाचा हात कुणाच्या अन्नाला लागायची भीती नाही. प्रीतिभोजनाची इतकी निर्जंतुक हत्या मी पाहिलेली नव्हती.

मला दोन शब्द बोलायचे होते. सगळं तयार होतं. चिकटपट्ट्या, पातेली, मिटलेले डोळे, ‘शीला, काय हात लागलाय तुझा’. आवाजासकट. उठणार तेवढ्यात सुनंदा मागून वाकली.

“दादा, माझं नाव नका काढू. मला यांच्यात राहायचंय.”

मी उठलो आणि शांतीच्या चुंबनाची गोष्ट सांगितली. हॉल हसला. मी खाली बसलो. एवढं चांगलं भाषण मी जन्मात गिळलेलं नाही.

पण पातेलं ती घेऊन आली होती. तुला शब्द दिला होता ना. व्हॅनच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं, अजून गरम. “राहू दे दादा, घरी नेते,” म्हणत होती. मी एक कान धरला, तिच्या नवऱ्यानं दुसरा. आणून ठेवलं डब्यांच्या शेजारी. माझी मुलगी इथेच वाढलेली, तिला यातलं काही ठाऊक नाही. तिनं झाकण काढलं. वास हॉलभर पसरला.

कुणी हललं नाही. सगळ्यांना पुन्हा काहीतरी आठवायला लागलं.

“डॅड, इट्स जस्ट फूड,” मुलगी माझ्या कानाशी म्हणाली. “व्हॉट इज राँग विथ देम?”

तेवढ्यात शीलाताई उठल्या. हातातला डबा खुर्चीवर ठेवला, कागदी प्लेट घेतली आणि पातेल्यात डाव घातला.

“सुनंदाचाच ना हा?” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “मला वास ओळखीचा. त्या दिवशी करुणाताईंकडे मी वांगी आणली होती. यांनी रश्श्याचं कौतुक माझ्या नावावर जमा केलं, मी गप्प बसले. किती वर्षांनी कौतुक झालं होतं, कशाला परत करू?”

कुणीतरी फिसकन हसलं. बहुधा मीच. मग दोघं उठले, मग तिघं. काही जण उठलेच नाहीत; डब्यातलं पनीर फार मन लावून खात राहिले.

शीलाताईंनी दुसरी प्लेट भरली आणि नवऱ्यापुढे धरली. “घ्या.”

सामुएलभाऊंनी प्लेटकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे. तो घनगंभीर आवाज एकदम बारीक झाला.

“डॉक्टरांनी तिखट नको सांगितलंय,” ते म्हणाले, कोट उचलला आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले.

मला वाटलं, झालं, गेली पीडा. पण सुनंदानं ती प्लेट माझ्या हातात दिली.

“दादा, ते उपाशी गेले. देऊन या.”

“मी? त्या माणसाला?”

“मी नेली तर त्यांना जास्त लाज वाटेल.”

मावशी, मी गेलो. बाहेर बोचरा वारा, हातात ओसंडणारी प्लेट, बाहीवर रस्सा. त्यांनी काच खाली केली. मी प्लेट आत धरली. त्यांनी ती मांडीवर घेतली, चमचा उचलला, रश्श्यात घातला. मी बघत राहिलो. त्यांचं नाक आक्रसलं. किंचितसं, नकळत. मोरीत काही दिसावं तसं. तो माणूस त्या क्षणी ढोंग करत नव्हता, हे पाहून मला जास्त किळस आली. त्याला ते खरंच खाववत नव्हतं. चमचा तोंडापाशी नेऊन त्यांनी खाली ठेवला आणि प्लेट मला परत दिली.

“नाही होत,” ते म्हणाले. डोळे भरले होते. माझी दया आटली होती.

तिथेच उभं राहून मी ती प्लेट संपवली. त्यांच्यासमोर, काचेबाहेर. त्यांनी काच वर केली नाही.

दारात सुनंदा वाट बघत होती. “खाल्लं त्यांनी?”

तू मला ओळखतेस. मी जन्माचा रंगवून सांगणारा. ‘खाल्लं, बोटं चाटली, अजून मागितलं,’ हे सगळं जिभेवर तयार होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, “नाही.”

तिनं माझ्या हातातली रिकामी प्लेट घेतली.

“दुसरा शनिवार आता तुमच्याकडे ना, दादा?”

“हो.”

“मग मी तिखट कमी घालते.”

मी तिच्यावर ओरडणार होतो. त्यांना तिखट चालतं गं, भरपूर चालतं, म्हणणार होतो. तिला ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी आत गेलो आणि तिच्या मागोमाग टेबलं पुसायला लागलो.

मावशी, माझी किळस गेलेली नाही. ती मी सांभाळून ठेवणार आहे. पण तिखट कमी घालायचं ठरलं आहे.